पहिला हंडा माझ्या बहिणीचा

आमचा गाव देवगडच्या बाजूचा, पण समुद्र तिथून लांब, डोंगराच्या अंगाला सात-आठ घरांची वाडी, तिथला माझा जन्म. पाणी म्हणजे सड्याखालचा, वरच्या कातळाखालचा एक झरा. त्याला चिऱ्यांचं टाकं बांधलेलं, आणि सकाळी त्यात पहिला हंडा बुडवायचा तो बाईने आंघोळ करून, देवाचं नाव घेऊन, तो हंडा घरात नेऊन पिण्याला ठेवायचा, मग बाकीच्या पाण्यात कुणी भांडी धुवा नायतर म्हशीला पाजा. ह्यात खोटं काय नव्हतं हो, रात्रभर टाक्यातला गाळ खाली बसलेला असायचा, सकाळचं पहिलं पाणी एकदम नितळ. आमच्या माणसांनी मुंबईला येताना सगळं आणलं, पाटा-वरवंटा आणला, देव आणले, तशी ही पहिल्या हंड्याची रीतपण आणली. आणि इथे नळाच्या पाइपात ती उलटी पडते हे कुणाला कधी कळलंच नाय. कळलं होतं एका माणसाला, तो मी.

माझं नाव महादेव, पण ह्या नावाने मला लालबागेत कुणी ओळखत नव्हतं, चावीवाला म्हणा की लगेच घर दाखवतील. वडील गेले, मामाने मुंबईला आणलं, तो गिरणीत जॉबर होता, माणसं कामाला लावणारा, म्हणाला चिकटवतो कुठेतरी, पण मला गिरणीत कापसाचा त्रास व्हायला लागला, आठ दिवसांत श्वास धरला. मग ओळखीने पाणीखात्यात लागलो, आधी खड्डे खणायला आणि मग मुकादमाने हाताखाली घेऊन चावीवाला केला. चावीवाला म्हणजे काय ते सांगतो, आजकालच्या पोरांना वाटतं नळ फिरवला की पाणी येतं. रस्त्यात लोखंडाची झाकणं असतात ना, त्याच्या खाली व्हॉल्व्ह, त्यात माणसाएवढी उंच लोखंडी चावी घालायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची, मग त्या गल्लीला पाणी. ह्या गल्लीचं पहाटे चारला, पुढच्या गल्लीचं पाचला, दोन-अडीच तासांनी बंद. माझ्याकडे लालबागच्या दोन आणि परळच्या तीन गल्ल्या होत्या. थंडी असो, ताप असो, मी उठलो नाय तर पाच गल्ल्यांची चूल पेटत नसे.

मुकादम मोठा तोंडाळ माणूस, पण शिकवलं मनापासून. म्हणाला, महादेवा, पाइप भरलेला असतो तेव्हा तो पाणी बाहेर ढकलतो, रिकामा झाला की आत ओढतो. आजूबाजूला गटार आहे, सांधे जुने आहेत, जिथे बारीक फट असेल तिथून घाण आत जाणार. म्हणून पाणी सोडलं की आधी गल्लीच्या तोंडाशी पाइपालाच खाली एक झाकण असतं, ते उघडायचं आणि पहिला पाव तास पाणी गटारात जाऊ द्यायचं, वास गेला, रंग गेला, मग झाकण बंद करायचं आणि चाळीला द्यायचं. आणि जास्त वेळ पाइप रिकामा असेल तर अर्धा तास. मी ते रोज करायचो. पहाटे चारला कोण बघायला येतंय? चाळीतल्या बायका उठायच्या, नळ सोडायच्या, तेव्हा त्यांच्या नळाला येणारं पहिलं पाणी म्हणजे माझ्याकडून धुऊन आलेलं पाणी. त्यांना वाटायचं पहिलं पाणी किती स्वच्छ असतं बघा, आणि त्या ते देवाला आणि पिण्याला ठेवायच्या. मला त्याचं हसू यायचं, कधी बोललो नाय. आपलं काम कुणाला दिसत नाय पण लोक बिनघोर पाणी पितात, ह्यात मला मोठेपणा वाटायचा. तिथेच माझं चुकलं, एकदा जरी एका बाईला धरून सांगितलं असतं.

माझी बहीण शेवंता, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गावी वारली तेव्हा तिला मी इकडे आणली, माझ्या बायकोच्या हाताखाली ती वाढली, आणि परळला लग्न करून दिली, माझ्याच हद्दीतल्या गल्लीत. भावजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, शांत माणूस, पानसुपारीचंसुद्धा व्यसन नाय. शेवंता मात्र बोलकी, चाळीत सगळ्यांना सांगायची, ह्यां पाणी माझो दादा सोडता. सासू तिची चेष्टा करायची, म्हणायची नळाला सोन्याचं पाणी येत असेल तर आमच्या सुनेच्या माहेरचं असेल. बायका हसायच्या. मला पहाटे ते ऐकू यायचं कधी कधी, गल्लीत उभा असलो तर.

मग ती चळवळ आली. काय सांगू तुम्हाला, तेव्हा आमच्या भागात संयुक्त महाराष्ट्र म्हटलं की पाळण्यातलं पोरसुद्धा मुठी आवळत असेल. मोर्चे, सभा, हरताळ, मग लाठ्या, मग गोळ्या. माणसं मेली, आमच्या बाजूची, ओळखीची. आणि मग संचारबंदी. बाहेर दिसलात तर गोळी. मुंबईत राहून घराच्या दारात उभं राहायची भीती, ते मी तेव्हा पाहिलं. पोलीसपण आपलीच मराठी पोरं होती हो, सातारा-सांगलीकडची, कुणाला शिव्या घालायच्या?

संचारबंदी लागली त्या दिवशी मी सगळे व्हॉल्व्ह बंद करून घरी आलो होतो. दुसऱ्या दिवशी बाहेर पडता आलं नाय. तिसऱ्या दिवशी सकाळीपण नाय. लालबागच्या दोन गल्ल्या माझ्या दाराशीच होत्या, तिथे मी वाकून वाकून जाऊन पाणी सोडलं, पण परळकडे रस्ता ओलांडून जायची सोय नव्हती, कोपऱ्यावर बंदुका. दोन दिवस तिथले पाइप कोरडे. बाकीच्या दोन गल्ल्यांना विहिरी होत्या, शेवंताच्या गल्लीत विहीर नाय, काही नाय, लोक पिंपातलं तळाचं गाळून प्यायले. आणि दगडफेकीसाठी रस्त्याचे दगड उपटलेले, झाडलोटीला माणूस नाय, गटारं तुंबून रस्त्यावर आलेली. हे सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं. मी अडाणी नव्हतो, मला माहीत होतं त्या रिकाम्या पाइपात काय शिरत असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन तासांची सूट दिली. मी चावी खांद्यावर टाकली आणि निघालो. कोपऱ्यावर पोलिसाने अडवलं, हे काय हत्यार आहे म्हणाला. म्हटलं साहेब, पाण्याचा माणूस आहे, परळच्या गल्लीत दोन दिवस पाणी नाय. त्याने माझ्याकडे बघितलं, पोरसवदाच होता, ओठ फुटलेले, म्हणाला जा लवकर, आणि येताना मलापण तांब्याभर आणा. जमलं नाय मला ते नंतर, ती एक गोष्ट राहिली ती राहिलीच.

गल्लीत पोचेपर्यंत एक तास गेला होता, कारण दोन ठिकाणी वळसा पडला. बघतो तर सगळी चाळ खाली उतरलेली. हंडे, कळश्या, डबे, बादल्या, पोरांच्या हातात तांबे. मला बघून बायका रडायलाच लागल्या, पुरुष म्हणाले चावीवाला आला रे आला, कुणी माझ्या पाठीवर थाप मारली, एका म्हातारीने माझ्या पायाला हात लावला. मी आयुष्यात असा मान कधी बघितला नव्हता. मी व्हॉल्व्ह फिरवला आणि रोजच्या रीतीने खालचं झाकण उघडलं. पाणी गटारात जायला लागलं, आणि वास आला. फार नाय, पण आला. रंग चहासारखा, मग जरा फिका.

तुम्ही मला सांगा, दोन दिवस पाण्यावाचून बसलेली दोनशे माणसं, एक तास उरलेला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पाणी गटारात चाललंय. बायका ओरडायला लागल्या, अरे मेल्या, पाणी घालवतोस? एकजण माझा हात धरून म्हणाला, पोलिसांचा माणूस आहेस काय तू? मी म्हटलं थांबा, जरा थांबा, पाव तास जाऊ दे. कुणी ऐकेना. अर्धा तास सोडायला हवं होतं, मी पाच मिनिटंपण नाय सोडलं. झाकण बंद केलं. नळाला पाणी आलं, आणि ओरडाच झाला असा की वाटावं महाराष्ट्र मिळाला.

मग कुणीतरी म्हणालं, पहिला हंडा कुणाचा? आणि तिथेपण बघा, एवढ्या तहानेतसुद्धा कुणी पुढे घुसलं नाय, रीत म्हणजे रीत. एक बाई कुंकू घेऊन आली, नळाला लावलं, मला लावलं. शेवंता मागे उभी होती, तिला पाचवा महिना, धक्काबुक्कीत नको म्हणून. मीच हाक मारली. म्हटलं शेवंते, पुढे ये. बायकांनी वाट दिली, म्हणाल्या बरोबर आहे, भावाने जीव धोक्यात घालून आणलंय, पहिला मान बहिणीचा. तिने हंडा लावला. भरलेला हंडा मी तिला उचलू दिला नाय, स्वतः दोन जिने चढवून वर नेला. ती मागून येत होती, म्हणत होती, दादा, तू कित्याक उचलतस, माका जमता. तिचा चेहरा तुम्हाला कसा सांगू. माहेरून काही मोठं आलंय असा.

जिन्यात माझ्या मनात आलं, सांगावं, हे उकळून घे गो. वर गेलो तर सासू दारात उभी, म्हणाली महादेवा, आज तू देवासारखा आलास. भावजींनी मला हात धरून बसवलं, शेवंताने त्याच पाण्यातला पहिला पेला मला दिला. मी प्यायलो. घशाखाली उतरला. आता त्या घरात कसं सांगू की मी आणलेलं पाणी चांगलं नाय? लाज वाटली मला. घरात रॉकेल नव्हतं, दुकानं बंद, उकळणार कशावर, असं मी नंतर स्वतःला खूप वेळा सांगितलं. पण ते खोटं, तेव्हा मी रॉकेलचा विचार केला नव्हता. मला त्या मानातून उतरायचं नव्हतं, एवढंच. खाली शिट्टी झाली, वेळ संपला, मी व्हॉल्व्ह बंद केला आणि चावी घेऊन पळालो.

मला काही झालं नाय. पोट मुरडलंसुद्धा नाय. महिनाभर काहीच नाय, मी म्हटलं वाचलो. सव्वा महिन्याने त्या गल्लीत एकेकाचे डोळे पिवळे व्हायला लागले. पाच-सहा माणसं. आपल्याकडे कावीळ म्हणजे कुणी पाण्याशी जोडत नाय, कुणी म्हणालं उन्हाची आहे, कुणी म्हणालं तेलकट खाल्लं. आणि महिना उलटून गेलेला, त्या दुपारचं पाणी कुणाच्या ध्यानात राहणार? बाकीची माणसं पडून राहिली, उसाचा रस प्यायली, बरी झाली. शेवंता उठली नाय.

सासूने तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, त्याने माळ घातली, म्हणाला माळ लांब होत गेली की कावीळ उतरली. माळ लांब झाली. पोरीला मात्र कुणी ओळखीचं ओळखेना, झोपेत बडबडायची, गावचं काहीबाही, आईशी बोलायची. मग हॉस्पिटलात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होता, त्याने डोळ्याची पापणी वर करून बघितली आणि विचारलं, हिने मधे कुठे खराब पाणी प्यायलं का, तुमच्या इथे गटार मिसळलं होतं का नळात? गरोदर बाईला हे फार वाईट, म्हणाला. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. सासू म्हणाली, नाय डॉक्टर, आमच्या गल्लीचं पाणी चांगलं, हिचा सख्खा भाऊ पाणी सोडतो. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडायचं होतं मला. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाय म्हणून, त्याला काय कळलं कुणास ठाऊक, तो पुढच्या पलंगाकडे गेला.

तिसऱ्या दिवशी ती गेली. पोटातलं बाळपण गेलं. त्या महिन्यांत गोळीने मेलेल्यांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक जमायचे, घोषणा व्हायच्या. माझ्या बहिणीच्या पाठीमागे बारा-चौदा माणसं होती. तिचं मरण कुणाच्या हिशेबात नाय, आणि कशात धरायचं ते मला माहीत होतं, पण मी सांगितलं नाय.

पुढे ऐका काय झालं ते, लिहिताय ना? संचारबंदी उठून चार महिने झाले, गल्लीच्या मंडळाने सभा घेतली, ज्यांनी त्या दिवसांत लोकांची सेवा केली त्यांना नारळ द्यायचा. माझं नाव पहिलं. आणि नारळ कुणाच्या हातून द्यायचा, तर भावजींच्या. तो माणूस बायको जाऊन दोन-अडीच महिने झालेला, पांढरी टोपी घालून उभा राहिला, माझ्या हातात नारळ दिला, म्हणाला दादा, तिला तुमचा फार अभिमान होता. मी तो नारळ घरी आणला नाय. पुलावर उभा राहून रुळांत टाकला. बायकोने विचारलं तर म्हटलं नासका निघाला.

महाराष्ट्र मिळाला तेव्हा आमच्याकडे दिवाळी होती. चाळी रोषणाईने उजळल्या, लोक गळ्यात पडत होते. मलापण आनंद झाला, खोटं कशाला बोलू, त्याच्यासाठी माणसं मेली होती. पण कुणी पेढा हातावर ठेवला तो तसाच धरून मी घरी गेलो.

त्यानंतर मी कामात बदललो. पहाटे झाकण उघडायचं आणि अर्धा तास, पाऊण तास पाणी सोडून द्यायचं, कुणी बघो न बघो. लोकांनी तक्रारी केल्या, चावीवाला पाणी फुकट घालवतो. मला शिव्या दिल्या, वेडा म्हणाले, साहेबाने बोलावून झापलं, शेवटी गिरगावात बदली केली. तिथेपण तेच. लोक मला खडूस म्हणायचे, आणि मी होतोच. पण आता मी प्रत्येक चाळीत जाऊन बायकांना सांगायचो, पहिला हंडा भांड्यांना घ्या, पिण्याला नको. त्या हसायच्या. म्हणायच्या, पहिलं पाणी देवाचं, भांड्यांना कसं घालू? दहातली एक ऐकायची.

भावजींनी दुसरं लग्न केलं, मीच जोर लावला. दुसरी बायको फार भली, माझ्याकडे माहेर म्हणून यायची, भाऊबीजेला मला ओवाळायची, तिची मुलं मला मामा म्हणायची. तिने औक्षण करायचं आणि भावजींनी बाजूला बसून बघायचं, मी वर बघायचो नाय. असं किती वर्षं चाललं.

मी निवृत्त झालो, त्याच्या पुढच्या वर्षी भावजी आजारी पडले. गिरणीत आयुष्य काढलेलं, छाती गेलेली. मी दुपारी जाऊन बसायचो त्यांच्याजवळ. एक दिवस घरात कुणी नव्हतं, मी म्हटलं आता नाय तर कधीच नाय. सांगितलं सगळं. झाकण, वास, पाच मिनिटं, जिन्यातलं मनात आलेलं, डॉक्टर, सगळं. म्हटलं भावजी, शेवंताला मी मारली, तुमचं पोरपण मी मारलं, मला काय म्हणायचं ते म्हणा. त्यांनी पंख्यावरची नजर काढली नाय. मग म्हणाले, दादा, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी पेला तोंडाला लावला आणि म्हटलं ह्याला वास येतोय गो, ओतून टाक. तर ती माझ्यावर रागावली. म्हणाली, माझ्या दादान गोळ्यांतून आणल्यान, ता मी ओतून टाकतलंय? तुमका नको तर नको. मग तिने मला नि आईला गाळून दुसरं कुठलं, पिंपाच्या तळाचं दिलं. आणि हंडा ती एकटीच प्यायली, दोन दिवस पुरवून पुरवून.

एवढंच बोलले. माझा हात हातात घेतला, पण मला म्हणाले नाय की तुमची चूक नाय. मीपण विचारलं नाय. तेही माझ्यासारखेच गप्प राहिले होते इतकी वर्षं, तिला थांबवलं नाय म्हणून. आठ दिवसांनी गेले.

आता मी ऐंशीच्या पुढे आहे. चाळ पाडणार म्हणतात, टॉवर होणार, चोवीस तास पाणी. येईल तर येऊ दे, मी बघायला असेन की नाय माहीत नाय. रात्री झोप लागत नाय, पण तो म्हातारपणाचा धर्म. कुणी पाप म्हणेल, कुणी नशीब म्हणेल, मी आता भांडत नाय कुणाशी. तुम्ही एवढं बसून ऐकलंत, देव तुमचं भलं करो, पोराबाळांना सुखी ठेवो. माझी नात येते कॉलेजातून, तिला मी एकच गोष्ट रोज सांगतो, ती कंटाळते, म्हणते आजोबा, कळलं हो. तिला सांगतो, बाय, पाण्याला वास आला तर ओतून दे. कुणी आणलंय ते बघू नको. मी आणलेलं असलं तरी ओतून दे.